पोथी, प्रत आणि प्रमाण

वारकरी कीर्तनात सिद्धान्ताच्या पुष्टीसाठी जो चरण किंवा जी ओवी म्हटली जाते तिला आपण ‘प्रमाण’ म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, त्याचे वजन लक्षात येत नाही. पाठशाळेत न्यायशास्त्राच्या आरंभीच चार प्रमाणे शिकवितात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दाला प्रमाण म्हणताना शास्त्रकार लगेच एक अट घालतात. तो शब्द आप्ताचा पाहिजे. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा. संत हे आमचे आप्त आहेत, याविषयी कोणा वारकऱ्यास शंका असण्याचे कारण नाही. शंका असते ती निराळीच. हा शब्द त्या आप्ताचाच आहे हे कशावरून? मधल्या तीनशे-सातशे वर्षांत तो ज्या हातांतून आपल्यापर्यंत आला, त्या हातांनी तो जसाच्या तसा आणला काय? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तर्काने मिळत नाही, आणि भावाने तर मुळीच मिळत नाही. त्यासाठी प्रती पाहाव्या लागतात. आणि प्रती पाहावयाच्या तर त्या आधी राहिल्या पाहिजेत!

प्रती राखण्याचे एक नवे साधन आता आपल्या हाती आले आहे. जुना ग्रंथ, पोथी, पत्र, सनद, शिलालेखाचा ठसा, जे काही असेल त्याची पानोपान छायाचित्रे घ्यावयाची, ती संगणकात साठवावयाची, प्रत्येकाबरोबर नाव, काळ, ठिकाण यांची नोंद ठेवावयाची, आणि ज्याला पाहावयाचे त्याला घरबसल्या पाहू द्यावयाचे. याला ‘डिजिटल अर्काइव्ह’ असे इंग्रजी नाव आहे. आम्ही त्याला संगणकातला दप्तरखाना म्हणतो. अनेक माळकऱ्यांना हा विषय आपला नव्हे असे वाटते. विद्यापीठातल्या लोकांनी पाहावे, आपण नाम घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. नाम घ्यावे हे खरेच. पण या दप्तरखान्यात संतांचे किती धन येऊन पडले आहे आणि किती अजून आपल्या माळ्यावर पडून आहे, हे कळले म्हणजे विषय आपलाच आहे असे दिसेल.

बदलापुरात एकादशीच्या कीर्तनानंतर आम्हांस वर्षातून चार-दोन वेळा एकच प्रश्न विचारला जातो. ‘बुवा, घरात आजोबांची जुनी पोथी आहे. पार जीर्ण झाली आहे. नदीत सोडायची, तर कोणत्या दिवशी सोडावी?’ प्रश्न विचारणारा श्रद्धावान असतो, म्हणूनच तो विचारतो. गिरगाव-परळच्या चाळींतून, कोकणातून, देशावरून उठून येथे आलेली ही घरे. येताना देव आणले, टाळ-वीणा आणली आणि लाल फडक्यात बांधलेले गाठोडेही आणले. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या गाठोड्याला जागा नाही. मुलांना ते वाचता येत नाही. वाळवी लागेल ही भीती आहे, आणि रद्दीत घालण्याचे धैर्य होत नाही. मग उल्हास नदी जवळ आहेच!

आमचे उत्तर ठरलेले असते : सोडू नका. जीर्ण मूर्तीचा न्याय लोक पोथीला लावतात, आणि घोटाळा तेथेच होतो. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन करून दुसरी स्थापिली तर देव तोच राहतो. पोथीचे तसे नाही. हाताने लिहिलेल्या पोथीत जो पाठ आहे तो दुसऱ्या पोथीत असेलच असे नाही, आणि छापील पुस्तकात तर बहुधा नसतोच. ती गेली की तो पाठ गेला. कोणी म्हणेल, तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीने तारल्या होत्या ना? होय, तारल्या, आणि त्या कथेवर आमची निष्ठा आहे. पण त्या कथेत तुकोबाराय काय करीत होते तेही पाहावे. वह्या बुडाल्या, आता विठ्ठलाची इच्छा, असे म्हणून ते घरी गेले नाहीत. तेरा दिवस अन्नपाणी सोडून शिळेवर पडून राहिले. ज्यांच्यासाठी त्यांनी प्राण पणाला लावले, त्या वह्यांच्या नकला आपण आपल्या हाताने नदीला द्याव्या, हा त्या कथेचा अर्थ नव्हे.

आणि नदी तरी आपण देईपर्यंत थांबते असे कोठे आहे? २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. उल्हास नदीचे पाणी घराघरांत शिरले. २०१९ च्या जुलैत तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी सोडवावे लागले. तळमजल्यावरच्या कपाटातील पोथीचे अशा वेळी काय होते ते सांगावयास नको. जुनी शाई काजळ आणि डिंक यांची. कोरड्यात ती शेकडो वर्षे टिकते, पण पाणी लागले की डिंक सुटतो आणि अक्षर कागदावरून उठून जाते. त्या पोथीची छायाचित्रे आधी घेऊन ठेवलेली असतील, तर फक्त कागद जातो. नसतील, तर सारेच जाते.

आता प्रती पाहण्याने काय साधते, ते आपल्या मुख्य ग्रंथावरूनच पाहू. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती पहिली प्रत आज नाही. पुढे तीनशे वर्षांच्या आत नकलांवरून नकला होत पाठ इतका बिघडला की, नाथमहाराजांना शके १५०६ मध्ये तो शुद्ध करावा लागला. नाथांनी यात स्वतःचे एक अक्षर घातले नाही, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये, असे बजावूनही ठेवले. पाठशुद्धीचे हे काम आपल्या संप्रदायात नवे नाही आणि साहेबाकडून आलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो, ती या पाठशुद्धीच्या सांगतेची. पुस्तक तपासून घेण्याचा उत्सव करणारा संप्रदाय जगात दुसरा असेल, तर आम्हांस ठाऊक नाही.

छापखाने आले तेव्हा १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी शिळाप्रेसवर ज्ञानेश्वरी पहिल्याने छापली. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडच्या पाटांगण येथे मिळालेल्या एका पोथीवरून निराळ्या पाठाची ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ही पोथी नाथांच्या आधीची, फार जुनी, असे त्यांचे म्हणणे. तिच्यावरून विद्वानांत मोठा वाद झाला. भाषा खरोखर तितकी जुनी आहे काय, की पुढच्या कोणी ती जुनाट करून लिहिली? वाद मिटविण्याचा उपाय एकच होता. ती पोथी समोर ठेवून कागद, शाई, अक्षराचे वळण पाहावयाचे. आणि तीच पोथी पुढे अभ्यासकांना पाहावयास मिळाली नाही! राजवाड्यांएवढा साक्षेपी पुरुष, ज्यांनी गावोगाव पायी हिंडून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, त्यांच्याही हातून पाठ राहिला आणि पोथी गेली. त्या पोथीच्या पानांची छायाचित्रे असती, तर शंभर वर्षांचा हा वाद एका दुपारी पुष्कळसा सुटला असता.

गाथेची कथा याहून हृदयाला लागणारी आहे. तुकोबारायांच्या स्वहस्ताची म्हणून जी वही देहूस परंपरेने जतन केली आहे तिला ‘भिजकी वही’ म्हणतात. कवी दिलीप चित्रे यांनी १९९१ साली तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, तेव्हा या वहीविषयी लिहून ठेवले आहे की, विसाव्या शतकाच्या आरंभी तीत सुमारे सातशे अभंग असल्याची नोंद होती आणि आता अडीचशेच्या आसपास उरले आहेत. वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. इंद्रायणीने जे नेले नाही ते कडीकुलपात राहून गेले! यात कोणाला दोष द्यावा असे नाही. कागदाचा धर्मच तो. पान सुटते, कडा झडते, दर्शनाला आलेला भाविक हात लावतो, एखादा प्रसाद म्हणून तुकडाही नेतो. पण तेव्हा साध्या छायाचित्राची कला आपल्या देशात आलेली होती. सातशेच्या सातशे अभंगांची पाने काचेवर उतरवून घेता आली असती.

त्याउलट जेथे वेळेवर हात पडला तेथे काय हाती आले तेही पाहावे. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून १८६९ आणि १८७३ साली गाथेचे दोन भाग ‘इंदुप्रकाश’ छापखान्यातून काढले. पाठभेद तळटीपांत दिले. पुढे तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या त्रिशतकाच्या निमित्ताने १९५० साली सरकारने जी गाथा काढली ती याच पायावर उभी आहे. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून १९१९-२० मध्ये ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केली. संताजी म्हणजे तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, जातीने तेली, आणि हाताने लेखक. कीर्तनात उभा राहून ऐकणारा, घरी जाऊन लिहिणारा. त्या वह्या कोणी तेलाच्या घाण्याजवळ ठेवून दिल्या असत्या, तर आज आमच्याकडे काय राहिले असते? हेच भावे १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापणाऱ्यांत अग्रेसर होते. बदलापूरहून लोकलने तासाभराचा रस्ता आहे. जाऊन पाहण्यासारखी जागा आहे.

या सर्व गाथा, बाळशास्त्र्यांच्या काळच्या शिळाछापी पोथ्या आणि पुष्कळसे जुने मराठी मुद्रित आज संगणकातील दप्तरखान्यांतून पानोपान पाहता येते. आम्ही पाठशाळेत होतो तेव्हा एखादा पाठ ताडण्यासाठी पुण्यास जावे लागे, चिठ्ठी न्यावी लागे, ग्रंथपालांची मर्जी सांभाळावी लागे, आणि शेवटी ‘बुवा, ती पोथी बांधणीला गेली आहे’ असे ऐकून परत यावे लागे. आता नातू फोन हातात घेतो आणि पाच मिनिटांत इंदुप्रकाशचे पान समोर धरतो. आम्हांला चश्मा शोधायलाच त्याहून जास्त वेळ लागतो!

हे भांडार किती ठिकाणी पसरले आहे, याचीही थोडी कल्पना असावी. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालचे. तेथे अठ्ठावीस हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत, आणि त्यांतील ऋग्वेदाच्या तीस पोथ्यांचा युनेस्कोने २००७ साली जगाच्या स्मृतिठेव्यात समावेश केला. याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने हल्ला करून ग्रंथांची नासधूस केली, हेही विसरू नये. पूर केवळ पाण्याचाच येतो असे नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे. धुळ्याला शंकरराव देवांच्या परिश्रमाने उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर, तेथे समर्थांच्या हातचे वाल्मीकिरामायण आहे. तंजावरच्या सरस्वती महालात सरफोजीराजांनी वाढविलेला ग्रंथसंग्रह आहे, त्यात मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत. कावेरीच्या काठी आपली अक्षरे तमिळ पंडितांनी जपली आहेत, हे ऐकून कोणाही मराठी माणसाची मान लवावी. नामदेवरायांची हिंदी पदे तर राजस्थानात दादूपंथी साधूंच्या मठांत राहिली. दादू, कबीर यांच्या वाणीबरोबर एकाच पोथीत नामदेव लिहिलेले असतात. कॅलवार्ट नावाचा बेल्जियमचा पंडित त्या मठांतून हिंडला, पोथ्यांची सूक्ष्म छायाचित्रे घेतली, आणि मुकुंद लाठ यांच्यासह १९८९ साली नामदेवांची हिंदी पदावली पाठभेदांसह छापली. आपल्या नामदेवरायांची पदे जुळविण्यासाठी परका मनुष्य वाळवंटात हिंडतो आणि आपण माळ्यावरचे गाठोडे सोडून पाहात नाही!

आमच्या बदलापुरातही श्याम जोशी यांनी उभारलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे. दुर्मीळ मराठी पुस्तके आणि जुनी नियतकालिके यांसाठी ते ओळखले जाते. बाहेरगावचे अभ्यासक तेथे येतात आणि गावातल्या पुष्कळांना त्याची वाटही ठाऊक नसते. देवळाच्या शेजारी राहणाऱ्यास देव दिसत नाही, तशातली गत.

आता एक सावधगिरीची गोष्ट. संगणकातील दप्तरखान्यात दोन निराळ्या वस्तू असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक, पानाचे छायाचित्र. दुसरी, त्या छायाचित्रावरून यंत्राने वाचून काढलेली अक्षरे. छायाचित्र सहसा खोटे बोलत नाही. यंत्राचे वाचन मात्र जुन्या नकलकाराहून अधिक चुकते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘प’ आणि ‘ष’, ‘भ’ आणि ‘म’ यांत ते गफलत करते. कोणी म्हणेल, एका अक्षराने काय बिघडते? ‘भाव’ या शब्दातील ‘भ’चा ‘म’ झाला की ‘माव’ होते, आणि जुन्या मराठीत माव म्हणजे कपट, माया. देवाला भाव अर्पण करावयाचा तेथे कपट अर्पण झाले! आणि मौज अशी की, माव हाही संतांच्या नेहमीच्या वापरातला शब्द असल्यामुळे चूक सहज पकडली जात नाही.

अंबरनाथच्या शिवालयाचे उदाहरण याहून मोठे आहे, आणि ते आपल्या अंगणातलेच आहे. त्या मंदिरातील संस्कृत शिलालेख शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा. डॉक्टर भाऊ दाजी यांनी तो प्रथम वाचला तेव्हा शकाचा आकडा ७८२ असा लावला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा नीट तपासला आणि आकडा ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, असे दाखविले. एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे पुढे-मागे झाले. शिष्याने गुरूचे वाचन दुरुस्त केले यात गुरूचा अवमान झाला नाही. ठसा समोर होता, म्हणून दुरुस्ती करता आली. हे दोन्ही निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकात छापलेले आहेत आणि आज ते संगणकावर वाचता येतात. त्याचप्रमाणे १८८२ सालचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियरही वाचता येते. अंबरनाथ-कल्याणकडच्या तरुण कीर्तनकारांनी ते पाहावे. महाशिवरात्रीच्या कीर्तनात मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले एवढे सांगून उतरण्यापेक्षा, त्याबरोबर खरा शक आणि खरा राजा सांगितला तर पांडव रागावणार नाहीत.

आमच्या मते सध्या सर्वांत मोठे संकट आहे ते फोनवरून फिरणाऱ्या अभंगांचे. कोणी तरी दोन-चार ओळी रचतो, शेवटी तुकोबांची मुद्रिका लावतो, खाली समाधीचे चित्र घालतो आणि सकाळी साऱ्या गावाला पाठवून देतो. भाषा पाहावी तर काल-परवाची. आणि दुःखाची गोष्ट अशी की, त्यांतले काही आता कीर्तनात प्रमाण म्हणून येऊ लागले आहेत. नाथांनी ज्याला निक्षून मनाई केली तेच हे. यावर उपाय रागावणे हा नव्हे, ताडून पाहणे हा आहे. सरकारी गाथेच्या शेवटी अभंगांची वर्णानुक्रमणी आहे. इंदुप्रकाश, जोगमहाराजांची सार्थ गाथा, भाव्यांची अस्सल गाथा, या सर्वांत चरण शोधावा. कोठेच न आढळला, तर तो उपदेशपर म्हणून खुशाल आवडून घ्या. पण प्रमाण म्हणून व्यासपीठावरून म्हणू नका. शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दप्तरखान्यांतील पुष्कळ मराठी पुस्तकांची नावे रोमी लिपीत नोंदलेली आहेत आणि ती कशीही लिहिलेली आहेत. ‘ज्ञ’ हे अक्षर कोणी ‘डी-एन-वाय’ने लिहितो, कोणी ‘जे-एन’ने, कोणी ‘जी-वाय’ने. एका रीतीने सापडले नाही तर दुसऱ्या रीतीने शोधावे. पुस्तक नाही असे लगेच समजू नये.

तरीही संगणकात गेले म्हणजे अमर झाले, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ म्हणून सरकारी साहाय्याने मोठा उद्योग झाला. पाच लाखांवर पुस्तकांची छायाचित्रे त्यात निघाली. २०१७ च्या सुमारास त्याचे दार वाचकांना बंद झाले. ती पुस्तके आज वाचावयास मिळतात याचे कारण एवढेच की, अमेरिकेतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या १९९६ सालच्या संस्थेकडे त्यांच्या पुष्कळ नकला आधीच गेल्या होत्या. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्या संस्थेवरच चोरट्यांनी हल्ला केला, तेव्हा तीही काही दिवस बंद पडली होती. वीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने तबकड्यांवर उतरविलेली कीर्तने आज कोणत्याही यंत्रावर उघडत नाहीत, हा अनुभव पुष्कळांना असेल. पतंजलींनी महाभाष्यात वेदांच्या शाखा मोजल्या आहेत. ऋग्वेदाच्या एकवीस, यजुर्वेदाच्या एकशे एक, सामाच्या हजार, अथर्वणाच्या नऊ. आज त्यांतील बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. ज्या राहिल्या त्या अनेक गावी, अनेक कंठी होत्या म्हणून राहिल्या. अथर्ववेदाची पैप्पलाद शाखा नष्ट झाली असेच लोक समजत होते. एकोणिसाव्या शतकात काश्मिरात भूर्जपत्रांवर तिची एक पोथी निघाली आणि जर्मनीत ट्यूबिंगेनला गेली. तिच्या प्रत्येक पानाचे रंगीत छायाचित्र १९०१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले, म्हणजे संगणकाचे नावही नव्हते तेव्हा! पुढे ओरिसात दुर्गामोहन भट्टाचार्यांना त्याच शाखेच्या ताडपत्री पोथ्या मिळाल्या, तेव्हा काश्मीरचा अशुद्ध पाठ त्यांच्याशी ताडून सुधारता आला. एक प्रत म्हणजे अर्धी प्रत, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

भारत सरकारने २००३ साली हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन काढले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्याचे जाहीर केले. काम मोठे आहे. पण सरकारचा माणूस बदलापूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माळ्यावर चढणार नाही. तेथे आपणच चढले पाहिजे.

गाठोडे उतरविल्यावर काय करावे ते आता सांगतो, कारण श्रद्धेच्या भरात लोक नको ते करतात. पोथीला तेल-तुपाचा हात लागू देऊ नये, गंधाक्षता पानावर टाकू नयेत. जुने नकलकार पोथीच्या शेवटी विनवीत असत की, मान-पाठ मोडून हे लिहिले आहे, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून याला जपा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. चार वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरासकट सुटते. प्लास्टिकचे आवरण वितळवून पान त्यात कायमचे बंद करण्याची जी रीत दुकानांतून असते ती तर पोथीची समाधीच समजावी. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये. याला शुचितेखेरीज दुसरेही कारण आहे. जुन्या पोथ्यांत चुकलेले अक्षर झाकण्यास पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ म्हणजे सोमल जातीचे विष. त्याने किडा मरतो, म्हणजे बोट चाटणाऱ्यास ते काही पौष्टिक नव्हे!

छायाचित्रे काढण्यास आजचा साधा फोन पुरतो. खिडकीजवळ, सावलीच्या उजेडात, पान सपाट पण दाब न देता ठेवावे. फोन पानाच्या बरोबर वर धरावा. पहिल्या पानापासून क्रमाने जावे. कोरी पाने, फाटकी पाने, बांधणीचे फडके, काही सोडू नये. शेवटच्या पानाचे दोनदा घ्यावे, कारण लिहिणाऱ्याचे नाव, गाव, शक तेथेच असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. पौष-माघाच्या पुढची मिती असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. नंतर एका कागदावर पोथी कोणाची, कोणत्या गावाहून आली, घरात कशी आली, एवढे लिहून त्याचेही छायाचित्र सोबत ठेवावे. ही माहिती पोथीत नसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला असते, आणि त्याच्याबरोबर जाते. छायाचित्रांच्या तीन नकला तीन ठिकाणी ठेवाव्या, त्यांतली एक गावाबाहेर. एक एखाद्या ग्रंथसंग्रहालयास द्यावी. मूळ पोथी सुती फडक्यात, वेखंडाचा तुकडा घालून, कोरड्या जागी, तळमजल्यावर नव्हे. जैनांच्या ज्ञानभांडारांत कार्तिक शुद्ध पंचमीला सर्व ग्रंथ बाहेर काढून, झाडून, पूजा करून परत ठेवतात. जेसलमेर-पाटणची भांडारे आजवर राहिली यात या ज्ञानपंचमीचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे भाद्रपद वद्य षष्ठी आहेच. पावसाळा उतरणीला लागलेला असतो, दिवसही योग्य. त्या दिवशी पारायणाबरोबर पोथ्यांची ही देखभाल करावी, असे आम्ही फडकऱ्यांना सुचवीत आलो आहोत.

एका वस्तूविषयी विशेष विनंती आहे. ती म्हणजे कीर्तनकारांची बाडे. लांबट पानांची, वरच्या बाजूस शिवलेली, अभंग-ओव्या-दृष्टान्त टिपून ठेवण्याची ही वही. ग्रंथसंग्रहालये ज्ञानेश्वरीची पोथी आनंदाने घेतात. बाडाला पूर्वी कोणी विचारीत नसे, कारण त्यात धड एक ग्रंथ नसतो. अलीकडे ख्रिश्चन नोवेत्स्की या अमेरिकन अभ्यासकाने नामदेवरायांवरील आपल्या २००८ च्या ग्रंथात या बाडांचे महत्त्व चांगले दाखविले आहे. कोणता अभंग प्रत्यक्ष गायला जात होता, कोणत्या क्रमाने, कोणत्या कथेला जोडून, हे पोथी सांगत नाही, बाड सांगते. आम्ही पाहिलेल्या एका बाडात समासात बारीक अक्षरात सूचना होत्या : येथे चाल बदलावी, येथे पखवाज थांबवावा, येथे श्रोते हसतील ते हसू द्यावे. त्याच पानाच्या मागे कोणत्या गावी किती दक्षिणा मिळाली, बैलगाडीचे भाडे किती गेले आणि पाऊस आल्यामुळे कोणते कीर्तन अर्ध्यावर राहिले, तेही लिहिले होते. घरच्या मंडळींना तो हिशेब वाटला, म्हणून ते बाड रद्दीच्या ढिगात निघाले होते. त्या अर्ध्या राहिलेल्या कीर्तनाचा उत्तरार्ध पुढच्या आठ पानांत सबंध लिहिलेला आहे.